आयरिश धुनांचं वेड दुसऱ्याला कसं लावावं

हे वेड दुसऱ्याला लावण्याचा माझा पहिला प्रयत्न म्हणजे साडेतीन तासांची एक प्लेलिस्ट. लॅबमधल्या मैत्रिणीला मोठ्या हौसेने पाठवली. आठवड्याने विचारलं, "ऐकलीस का गं?" ती म्हणाली, "ऐकली ना. छान आहे. पण एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं, तेच कळलं नाही."

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बिचारी खरं तेच बोलली. नव्या कानाला हे सगळं सारखंच लागतं. फिडल (म्हणजे व्हायोलिन) धावतंय, व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) धावतंय, मागे काहीतरी धपधप चाललंय. मी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात, एनिसला राहते, सोळा वर्षं झाली. एकोणचाळिसाव्या वर्षी टिन व्हिसल हातात घेतली आणि त्यानंतर दोन वर्षांनी सेट डान्सिंगच्या, म्हणजे चार जोड्यांनी चौकोनात नाचायच्या नाचाच्या, वर्गाला जायला लागले. पहिले सहा महिने मलाही एका धुनेतून दुसरी वेगळी काढता येत नव्हती. म्हणून आता कुणी "मला पण दाखव ना तुझं ते आयरिश" म्हटलं, की मी त्याला कमी देते. इतकं कमी, की तो चिडतो.

एकच धून, आठवडाभर

धुनांचे प्रकार पुष्कळ, त्यातली जिग निवडा. रील हा दुसरा, धावता प्रकार नको, तो नवख्याच्या डोक्यावरून जातो. माझी ठरलेली निवड म्हणजे 'द केश'. जी मेजरमधली ही साधी, हसरी जिग जवळपास प्रत्येक सेशनमध्ये, म्हणजे पबमधल्या वादनाच्या बैठकीत, कधी ना कधी वाजते. एकट्या व्हिसलवर किंवा एकट्या फिडलवर वाजवलेलं रेकॉर्डिंग शोधा. बँड नको. गिटार, बुझुकी (हेही तंतुवाद्यच), ढोल सगळे एकदम आले की धून त्यांच्याखाली दबते. तसंही इथल्या जुन्या वादनात कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे वेगवेगळे सूर, फारशा नव्हत्याच. दहा वाद्यं असली तरी दहाही तीच धून वाजवायची, प्रत्येकाची वळणं तेवढी थोडी वेगळी. भजनात वाढलेल्या कानाला हे चटकन पटतं. बुझुकी तर ग्रीसची, इथे आली १९६० च्या दशकात.

आता धुनेची रचना समजावून द्या. हे एकदा कळलं की "सगळं सारखंच" ही तक्रार निम्मी संपते. जिगच्या एका बारमध्ये, म्हणजे आवर्तनात, सहा मात्रा असतात, तीन-तीनच्या दोन जोड्या. असे आठ बार म्हणजे पहिला भाग. तो पुन्हा एकदा वाजतो. मग दुसरा भाग, त्याचेही आठ बार, तोही दोनदा. एकूण बत्तीस. दुसऱ्या भागाला इथली माणसं 'टर्न' म्हणतात, आणि बहुतेक वेळा तिथे धून वरच्या सुरांत चढते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की न थांबता पुढची धून सुरू होते. दोन-तीन धुना एकापाठोपाठ बांधल्या की झाला सेट. माझ्या मैत्रिणीला जे कळत नव्हतं ते नेमकं हेच, आणि खरं म्हणजे सगळी गंमत त्याच सांध्यात असते.

गृहपाठ एवढाच द्यायचा: धून ऐकताना टर्न आला की बोट वर करायचं. भांडी घासताना, बसमध्ये, कुठेही. चार दिवसांत बोट आपोआप उठायला लागतं.

सासूबाई आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. वय एकाहत्तर, आयुष्यभर भजनी मंडळात पेटी वाजवलेली. मी स्वयंपाकघरात केश वाजवत होते, त्या टेबलाशी बसून लसूण सोलत होत्या. दुसऱ्या फेरीला लसूण बाजूला ठेवला आणि बोटांनी टेबलावर ठेका धरला.

"अगं, हा तर दादरा!"

"हो आई, मात्रा सहाच आहेत."

"मग एवढा कसला बाऊ करतेस?" आणि क्षणभराने, "पण ह्यात खाली कुठंय?"

तालातली ती 'खाली', म्हणजे बिनजोराची मात्रा, इथे नसतेच. जिगमध्ये दोन्ही जोड्यांवर जवळपास सारखाच भार पडतो, म्हणून पाय उचलला जातो. त्यांनी हे अर्ध्या मिनिटात पकडलं. मला वर्ष लागलं होतं. तेव्हापासून मी मराठी माणसाला असंच सांगते: जिग सहा मात्रांची, दादऱ्याच्या घरातली. रील आठ झटपट मात्रांची, केरव्याच्या चालीने धावणारी. हॉर्नपाइपही चारच्याच हिशोबात, पण संथ आणि झुलणारी. स्लिप जिग नऊ मात्रांची, तीन-तीनच्या तीन जोड्या, ही ऐकायला सगळ्यात नाजूक. पोल्का आणि स्लाइड म्हटलं की केरी आणि कॉर्कच्या सीमेवरचा स्लीव्ह लुआक्रा हा भाग. तो विषय मात्र पहिल्या महिन्यात काढू नका.

मग तोंडाने

वाद्य हातात द्यायच्या आधी धून तोंडात बसली पाहिजे. इथे त्याला लिल्टिंग म्हणतात: डिडल-डी, डाउडल-डी अशा अर्थ नसलेल्या शब्दांवर अख्खी धून म्हणायची. वादक नसला की लोक लिल्टिंगवरच नाचायचे. तबल्याचे बोल म्हणायची सवय असलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मुलांना जिगची लय कळावी म्हणून इथे 'रॅशर्स अँड सॉसेजेस' (डुकराच्या मांसाचे काप आणि सॉसेज) म्हणायला लावतात. सहा अक्षरं, तीन आणि तीन. सासूबाईंना हे चालणं शक्यच नव्हतं. त्यांनी 'कोशिंबीर-थालीपीठ' काढलं. म्हणून पाहा, चपखल बसतं.

नोटेशन लगेच हातात देऊ नका. मी दिलं होतं. ज्याला दिलं तो आजही कागद असल्याशिवाय वाजवत नाही, आणि सेशनमध्ये कागद उघडला की आजूबाजूचे चेहरे कसे होतात ते पाहवत नाही. मुळात हा कानाचा कारभार. कॉर्कमध्ये जन्मलेले फ्रान्सिस ओनील शिकागोचे पोलीसप्रमुख झाले आणि १९०३ साली त्यांनी १८५० धुनांचा प्रचंड संग्रह छापला. आजही वाद झाला की लोक तोच उघडतात. पण त्या ओनील साहेबांना स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं. धुना डोक्यात असायच्या, आणि लिहून घ्यायला त्यांच्याच पोलीस खात्यातले दुसरे एक ओनील, जेम्स. हा किस्सा नवख्याला जरूर सांगा, धीर येतो.

आता पाय

बहुतेकांना स्टेप डान्स, म्हणजे पायांच्या ठेक्याचा नाच, माहीत असतो तो रिव्हरडान्समुळे. ३० एप्रिल १९९४, डब्लिन, युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेच्या मध्यंतरात सात मिनिटांचा नाच, आणि जग वेडं झालं. तो दाखवायला हरकत नाही, एकदा. दुसऱ्यांदा दाखवलात तर समोरचा म्हणेल, "हे काय आपल्याला जमणार नाही बाई," आणि खुर्चीत आणखी खोल बसेल. त्याला उठवायचं असेल तर 'सेव्हन्स' शिकवा.

असं करा. रील लावा, हळू चालीची. सरळ उभे राहा, हात बाजूला सैल, टाचा जमिनीपासून जराशा वर. उजवा पाय पुढे, डावा त्याच्या मागे. आता उजवीकडे सरकायचं. एकला उजवा बाजूला, दोनला डावा त्याच्या मागे येऊन टेकतो, तीनला उजवा, चारला डावा मागे, पाचला उजवा, सहाला डावा, सातला उजवा. आठ म्हणायचं नाही. आठ म्हणजे गप्प. तिथे लोक हमखास एक जास्तीचं पाऊल टाकतात, म्हणून मी "एक दोन तीन चार पाच सहा सात शू" असं मोजते.

मग जागच्या जागी दोन 'थ्रीज': डावा-उजवा-डावा, उजवा-डावा-उजवा. आता डावा पाय मोकळा आहे, तेव्हा हेच सगळं डावीकडे. सेव्हन्सना दोन बार, थ्रीजना दोन बार. उजवीकडे चार, डावीकडे चार, झाले आठ. म्हणजे धुनेचा एक भाग! डावीकडून परत आलात की धूनही त्याच क्षणी भाग संपवून पुन्हा सुरू होते. हे पहिल्यांदा जुळतं तेव्हा माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. बोट वर करण्याचा गृहपाठ इथे कामाला येतो.

जमीन लाकडी हवी. गालिच्यावर पाय सरकत नाही आणि काँक्रीटवर गुडघे जातात. बूट कातडी तळव्याचे असले तर उत्तम, रबरी तळवा वळताना अडकतो आणि घोटा मुरगळतो. मऊ बूट आणि टपटप वाजणारे कडक बूट लांब राहू द्या, ते वर्गात गेल्यावर. आणि पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांच्या वर नको. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या जिना उतरू देत नाहीत. मी एकाला चाळीस मिनिटं नाचवलं, तो पुन्हा आलाच नाही.

नाचून दमल्यावर चहा करा आणि गोष्टी सांगा. गावोगाव फिरणारे डान्सिंग मास्टर, शेतकऱ्याच्या घरी उतरून पोराटोरांना शिकवायचे. डावा-उजवा कळत नाही म्हणून एका पायाला गवत आणि दुसऱ्याला पेंढा बांधायचे, असं सांगतात. फरशी वाजत नसेल तर दार बिजागऱ्यांवरून काढून जमिनीवर आडवं टाकायचे आणि त्यावर नाचायचे. आणि माझी आवडती: जुन्या घरांच्या जमिनीखाली घोड्याच्या कवट्या सापडल्या आहेत, नाचाचा आवाज घुमावा म्हणून पुरलेल्या, असं म्हातारी माणसं सांगत.

हात बाजूला का, हे मात्र प्रत्येक जण विचारतोच. खिडकीतून इंग्रजांना नाच दिसू नये म्हणून, पाद्र्यांना हात हलवलेले आवडत नसत म्हणून, जागा अपुरी म्हणून, अशी अनेक उत्तरं पबमध्ये मिळतील. पुरावा एकालाही नाही, तेव्हा इतिहास म्हणून खपवू नका. त्यापेक्षा पश्चिमेकडच्या कॉनेमाराचा शान-नोस नाच दाखवा: हात मोकळे, पाय जमिनीलगत, हातभर जागेत प्रत्येकाचा आपला ढंग. म्हणजे 'आयरिश नाच' ही एक गोष्ट नाही, हे आपोआप कळतं. पाद्र्यांचा धाक मात्र कल्पित नव्हता. त्यांनी जोर लावला, १९३५ साली सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला, आणि त्याचा वचक स्वयंपाकघरातल्या नाचांवरही बसला.

ज्याला एकट्याने नाचायची लाज वाटते त्याला सेट डान्सिंगला न्या. चार जोड्या, चौकोन, समोरासमोर. आमच्याकडे क्लेअरमध्ये 'कॅलेडोनियन' चालतो, मुख्यतः रीलवर. चुकलात तर समोरची आजी खांद्याला धरून योग्य दिशेला ढकलते, आणि नाच चालूच राहतो. केलीत, म्हणजे नाचाच्या संध्याकाळी, 'सीज ऑफ एनिस' पुकारला की नवख्याला बिनधास्त पुढे करा. रांगा समोरासमोर, दर फेरीला समोरची माणसं नवी, त्यामुळे तुमच्या चुकांना साक्षीदार कोणी टिकत नाही.

सेशनला नेताना

सेशन म्हणजे कार्यक्रम नव्हे, हे घरून निघतानाच सांगा. स्टेज नाही, तिकीट नाही. पबच्या कोपऱ्यात गोल बसलेले लोक एकमेकांसाठी वाजवतात, आपण बाजूला बसून ऐकतो. साडेनऊ लिहिलं असेल तर पावणेदहाला पहिली धून. बारवर काहीतरी घ्यायचं ही रीत, पण चहा मागितला तरी कुणी भुवई उंचावत नाही. मुलांना नेणार असाल तर दुपारचं किंवा संध्याकाळचं सेशन शोधा: १८ वर्षांखालच्यांना एरवी रात्री ९ नंतर बारमध्ये थांबता येत नाही, मे ते सप्टेंबर १० नंतर.

गोलातली रिकामी खुर्ची रिकामी नसते. माझ्या पहिल्या वर्षी मी शेकोटीजवळची मस्त जागा पाहून बसले. थोड्या वेळाने एक गृहस्थ वाद्य ठेवलेली लांबट पेटी घेऊन आले आणि शांतपणे भिंतीला टेकून उभे राहिले. कोणी काही बोललं नाही. वीस मिनिटांनी शेजारच्या बाईंनी कानात सांगितलं, "तू पाइपरच्या जागेवर बसली आहेस." इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, वाजवणाऱ्याला कोपर हलवायला जागा लागते. तो हवा तोंडाने नाही, काखेतल्या भात्याने भरतो. मी उठले तेव्हा कान लाल झाले होते. (२०१७ साली हे वाद्य युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि मी त्याला भिंतीशी उभं केलं होतं.)

त्याहून वाईट एकदाच झालं. पाच पाहुणे घेऊन गेले होते, मध्येच एका आजोबांनी साथीशिवाय गाणं सुरू केलं आणि आमच्या टेबलावर विमानतळावरच्या सामानाची चर्चा चालूच राहिली. दोन कडव्यांनी ते थांबले, हसले आणि पेला उचलला. धुना चालू असताना हळू आवाजात बोललेलं चालतं. गाणं सुरू झालं की पूर्ण शांतता, ग्लाससुद्धा खाली ठेवायचा नाही. हे आता मी दारातच सांगते, आणि उशिरा येणाऱ्याला पुन्हा सांगते.

टाळ्यांनी ठेका धरू नका, लय ओढली जाते. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा, बहुतेक हो म्हणतात. धून बदलते त्या सांध्यावर कुणीतरी "हप्!" ओरडेल. पाहुण्याला कोपर मारून तो क्षण दाखवा, पण त्याला ओरडू देऊ नका. अजून नाही.

आणि बोरान भेट देऊ नका. बकऱ्याच्या कातड्याचा हा डफासारखा ढोल सोपा दिसतो, म्हणून प्रत्येक नवख्याला तोच हवा असतो. एका सेशनमध्ये एक बोरान पुष्कळ, दुसरा आला की वादक डोळे मिटून घेतात. बोरान वाजवायचं सर्वोत्तम साधन म्हणजे खिशातला चाकू, हा जुना विनोद अर्धाच विनोद आहे.

व्हिसल द्यायची वेळ

माणूस कामाच्या मध्येच केश गुणगुणताना सापडला, की. डी सुरातली साधी टिन व्हिसल घ्या, दहा-पंधरा युरोत येते, महाग घेऊन काही सुधारत नाही. सहा भोकं, वरच्या तीनवर डाव्या हाताची बोटं, खालच्या तीनवर उजव्या. वरचं एक झाकलं की बी, दोन झाकली की ए, तीन झाकली की जी. सहाही झाकली की डी. पहिला आठवडा बी-ए-जी, बाकी काही नाही. फुंकर चहा निववण्याइतकी. किंचाळली तर फुंकर कमी करायच्या आधी बोटं पाहा, कुठलं तरी भोक अर्धवट उघडं असतं. थुंकी साचून आवाज घुसमटला तर तोंडाजवळच्या फटीवर बोट ठेवून जोरात फुंकायचं. अलंकार पुढे: आधी कट (वरच्या सुराचा झटका), मग टॅप (खालच्या सुराचा), मग त्या दोन्हींचा रोल. धून सरळ वाजत नसेल तर अलंकार म्हणजे कच्च्या भिंतीवर रंग.

लहान मुलं असतील तर चमचमत्या पोशाखांच्या आणि कुरळ्या विगच्या स्पर्धांकडे, म्हणजे फेशकडे, इतक्यात नेऊ नका. स्टेजवरचा एकेक पोशाख हजार युरोच्या वर जातो आणि आईबापांचं लक्ष पायांवरून गुणांवर जातं. त्यापेक्षा जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिलटाउन मॅलबेला या, एनिसहून तीसेक किलोमीटर. पाइपर विली क्लॅन्सी १९७३ च्या जानेवारीत गेले, त्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे उन्हाळी शाळा सुरू झाली. सकाळी वर्ग, रात्री केली, आणि मधल्या वेळात प्रत्येक पबात, प्रत्येक भिंतीकडेला कुणीतरी वाजवत बसलेलं. राहायची सोय फार आधी करावी लागते. ऑगस्टमधला फ्ला क्योल हा संगीतमहोत्सव त्याहून अवाढव्य: १९५१ साली मलिंगारला सुरू झाला, तेव्हापासून शहरं बदलत फिरतो. पण तिथे नवखा हरवतो, दुसऱ्या वर्षी न्या.

शेवटी एक दिवस येतो. छोटं सेशन असतं, शिकाऊ लोकांचं, हळू चालीचं. कुणीतरी तुमच्या माणसाकडे मान वळवून म्हणतं, "तुझी एखादी होऊ दे." तो तुमच्याकडे बघेल. तुम्ही व्हिसलकडे बघा. त्याने केश सुरू केली की दोन-तीन सुरांतच साथीला जा, एकटं सोडू नका, पण त्याच्याहून हळू आवाजात आणि त्याच्याच लयीत. तो रेंगाळला तर तुम्हीही रेंगाळा, धून ज्याने काढली चाल त्याची. टर्नला तो हमखास घाबरतो, तिथे तेवढं जरा जोरात वाजवा. तिसऱ्या फेरीच्या शेवटी त्याच्याकडे लक्ष ठेवा. त्याला दुसरी धून येत नसते, म्हणून सेटमधली पुढची जिग तुम्हीच उचलायची.